दहा गुंठ्यांतला फुलांचा हंगाम: कोल्हापूर जिल्ह्यात पहिल्यांदा फुलशेती करणाऱ्यांसाठी

फुलशेतीत नव्याने उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "कुठलं फूल लावू?" त्याच्याही आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: फूल कुठल्या तारखेला बाजारात न्यायचं आहे? उसाची तोड आठवडाभर लांबली म्हणून कारखाना ऊस नाकारत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेलेल्या झेंडूतून मात्र गाडीभाडंही सुटत नाही. म्हणून फुलांच्या हंगामाचं नियोजन तोडणीच्या तारखेपासून उलटं मोजत करायचं, आणि एका फुलाची सगळी लागण एकाच दिवशी उरकायची नाही. या दोन सवयी लागल्या की बाकीचं हळूहळू जमतं.

ज्यांच्याकडे उसाच्या रानाला लागून दहा-एक गुंठे मोकळे आहेत, पाण्याची सोय आहे, पॉलिहाऊस नाही आणि गणपतीपासून लग्नसराईपर्यंतचा पहिला हंगाम काढायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब ही पॉलिहाऊसची पिकं. शिरोळ तालुक्यात ती चांगली होतात. पण पहिल्याच वर्षी कर्ज काढून त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी उघड्या रानात फूल सांभाळायला, तोडायला आणि विकायला शिका.

आधी दिनदर्शिका उघडा

२०२६ साल उदाहरणाला घेऊ. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला झाला होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण अठरा दिवस पुढे सरकले. त्यामुळे "गेल्या साली अमुक तारखेला लावलं होतं, यंदाही तेव्हाच लावू" हा हिशेब फुलांत चालत नाही. दरवर्षी नव्याने मोजायचं.

मोजायचं कसं ते झेंडूवर बघा. दसरा २० तारखेला, पण माल बाजारात दोन दिवस आधी पोचला पाहिजे, म्हणजे तोडणी १८ ऑक्टोबरला. लागणीपासून तोडा भरात यायला साधारण ६० दिवस लागतात, म्हणजे लागण १९ ऑगस्टला. रोप २५ दिवसांचं हवं, म्हणजे बी २५ जुलैला ट्रेमध्ये पडलं पाहिजे. रोपवाटिकेतून रोपं घेणार असाल तर त्याच्याही दोन-तीन आठवडे आधी बुकिंग करायला हवं. थोडक्यात, दसऱ्याचा झेंडू आषाढातच ठरतो.

दिनदर्शिकेवर मंदीचे दिवसही खुणेने दाखवा. पितृपक्षात, म्हणजे २०२६ ला २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, मागणी खाली येते. आपल्या सगळ्या फुलांचा भर त्या पंधरवड्यात येणार नाही एवढं बघा. लगेच पुढे नवरात्र: अंबाबाईचं मंदिर आणि जोतिबाचा डोंगर धरून सगळीकडे हारांची, सुट्या फुलांची मोठी उचल. तुळशीच्या लग्नानंतर चित्र बदलतं. मंडपवाले आणि डेकोरेशनवाले लांब दांड्याची फुलं मागतात. मार्गशीर्षातले गुरुवार सुट्या फुलांना हात देतात. आषाढात लग्नं थांबली की दांड्याच्या फुलांची मागणीही मंदावते.

शेवंतीबद्दल इथेच सांगतो, कारण तिचा हिशेब वेगळा आहे. शेवंती रात्र मोठी व्हायला लागली की कळी धरते. ती सूर्याच्या चालीने फुलते आणि सण चंद्राच्या तिथीने येतात. झेंडूची लागण पुढे-मागे करून फूल दसऱ्याला आणता येतं, उघड्या रानातल्या शेवंतीचं तसं होत नाही. दसरा लवकर आला की शेवंती मागे राहते, उशिरा आला की सापडण्याची शक्यता वाढते. सोनाली तारा, राजा, जिप्री या जाती आपल्या भागाला माहीत आहेत, पण शेवंतीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही आणि तिचे महिने भर पावसात जातात. म्हणून पहिल्या हंगामाच्या आराखड्यातून तिला मी बाहेर ठेवलं आहे.

मग पहाटे बाजारात जा

बी घेण्याआधी शहरातल्या शिंगोशी मार्केटला पहाटे चार-पाच वेळा जाऊन या. हातात माल नसताना गेलात की नीट बघता येतं. जुडीत किती काड्या बांधतात, दांडा किती लांब मागतात, कुठल्या रंगावर गिऱ्हाईक थांबतं, बाहेरगावचा माल कुठल्या दिवशी येतो, हे टिपून ठेवा. हारवाला आणि डेकोरेशनवाला ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. हारवाल्याला सुटं फूल किलोवर हवं, दांड्याशी त्याला घेणं नाही. डेकोरेशनवाल्याला सरळ, लांब, एकसारखा दांडा हवा आणि तो कार्याच्या आदल्या दिवशी हवा.

इचलकरंजी, सांगली, मिरज, बेळगाव हेही टप्प्यात आहेत, आणि घाट उतरून गोवा. पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सने बॉक्स पाठवणारे आहेत, पण दहा गुंठ्यांच्या मालाला पहिल्या वर्षी तो रस्ता परवडत नाही. पॅकिंग, भाडं, अडत जाऊन काय उरतं ते आपल्याला पट्टी (अडत्याचा विक्रीचा हिशेब) हातात आल्यावरच कळतं.

रान कुठलं घ्यावं

कोल्हापूर जिल्हा पावसाच्या बाबतीत एक नाही. गगनबावड्याला जो पाऊस चार दिवसांत पडतो तेवढ्यासाठी शिरोळला महिना महिना वाट बघावी लागते. शिरोळ, हातकणंगल्यात पावसाळी लागण जमते. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीच्या पश्चिमेकडे उघड्या रानातली फुलं सप्टेंबर अखेरीनंतरच लावलेली बरी.

नदीकाठची मळीची जमीन कसदार असते, पण २०१९ आणि २०२१ ला जिथे पुराचं पाणी चढलं होतं तिथे जून ते ऑगस्ट काही लावू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्या रानात पाणी किती फुटाला शिरतं हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना नक्की सांगता येईल. अशा मळीत पूर ओसरून वाफसा आल्यावर ग्लॅडिओलस घेता येतो.

काळ्या रानात गादीवाफे करा: साधारण तीन फूट रुंद, फूटभर उंच, पाणी निघून जाईल असा उतार देऊन. चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) येते आणि कंदांवर ती तुटून पडते. शिरोळ, करवीरकडे क्षारपडीचा त्रास आहे, म्हणून माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. ज्या पाण्यावर ऊस रडतखडत येतो, त्या पाण्यावर ॲस्टर आणि ग्लॅडिओलस नीट येत नाहीत. तपासणीचा कागद कसा वाचायचा ते कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारता येतं.

उसाच्या पट्ट्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे पाण्याची पाळी. पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीवर ऊस निघतो, फुलं निघत नाहीत. त्यांना थोडं थोडं पण दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, म्हणून विहीर, बोअर किंवा छोटं शेततळं आणि ठिबक हवंच. दुसरी गोष्ट म्हणजे तणनाशक. उसात टू-फोर-डी मारतात. वाऱ्यावर त्याचा अंश जरी आला तरी झेंडू, ॲस्टरची पानं पिळवटतात, शेंडे वाकडे होतात आणि ते रोप पुन्हा सुधारत नाही. लागणीआधी चारी बाजूंच्या बांधकऱ्यांशी बोला, "भाऊ, मारायचं असलं तर वारं बघून मारा आणि आदल्या दिवशी सांगा." बांधाकडेने मक्याच्या दोन-तीन ओळी दाट टोका. आणि ज्या पंपाने तणनाशक मारलं जातं तो पंप फुलांवर कधीच वापरू नका, कितीही धुतला असला तरी.

काय लावायचं आणि किती

चार मुख्य पिकं आणि एक भरतीचं, एवढं पहिल्या हंगामाला पुरे. निशिगंध तीन गुंठे, ग्लॅडिओलस तीन, ॲस्टर दोन, झेंडू दीड आणि गोल्डन रॉड अर्धा गुंठा.

निशिगंधाची लागण एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आगेमागे. मेच्या मध्यापर्यंत कंद जमिनीत गेले की तीन-चार महिन्यांनी, गणपती-गौरीच्या सुमारास, दांडे सुरू होतात. दांड्यासाठी सुवासिनी किंवा वैभव या दुहेरी पाकळीच्या जाती घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी ही एकेरी जात हारासाठी सुटी विकायला चांगली. कंद अडीच सेंटिमीटरच्या वरचा हवा. लागण ३० बाय २० सेंटिमीटरवर. थंडीत याची फुलं कमी होतात, ते गृहीत धरा. एकदा लावला की दोन-तीन वर्षं तिथेच राहतो, तेव्हा रानाचा असा कोपरा निवडा जो मध्येच मोडावा लागणार नाही.

ग्लॅडिओलस हा या आराखड्याचा कणा. लग्नसराईत तो हमखास लागतो आणि त्याच्या तारखा तुमच्या हातात असतात. ७५ दिवसांची जात धरली तर ७ सप्टेंबरची लागण २१ नोव्हेंबरच्या आसपास, २२ सप्टेंबरची ६ डिसेंबरच्या आसपास आणि ७ ऑक्टोबरची २१ डिसेंबरच्या आसपास येते. थंडी वाढली की शेवटची फेरी आठ-दहा दिवस आणखी घेते. प्रत्येक फेरी एका गुंठ्याची ठेवा. एका फेरीची फुलं दोनेक आठवडे चालतात आणि तोवर पुढची येते, त्यामुळे बाजारात तुमचा माल तुटत नाही. गिऱ्हाईक टिकायला हेच लागतं.

कंदांचा हिशेब कागदावर करा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. सरी ४५ सेंटिमीटरवर आणि सरीत कंद १५ सेंटिमीटरवर ठेवला तर एका कंदाला ०.०६७५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे गुंठ्याला १५०० कंद. पायवाटा आणि पाट वजा केले की १२००-१२५० उरतात. तीन गुंठ्यांना पावणेचार हजार कंद. सगळ्यात जास्त पैसे यातच जातात, म्हणून कंद बघून घ्या. ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा, आणि पसरट चपटा नसून मधे उंच असलेला. साल थोडी सोलून बघा: आत डाग नको, बोटाने दाबल्यावर मऊ लागायला नको. बुडाशी मुळांचे बारीक पांढरे ठिपके उठलेले असले आणि माथ्यावर कोंब डोकावत असला म्हणजे विश्रांती पुरी झाली. नुकताच रानातून काढलेला कंद स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. काढणीनंतर साधारण तीन महिने तो झोपेतच असतो, आणि तुमच्या सगळ्या तारखा चुकतात. जातींत फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा आहेत. रंग मात्र बाजारात काय टिपलंत ते बघून ठरवा.

ॲस्टरला बी टाकल्यापासून फुलापर्यंत चारेक महिने लागतात. एक तरू, म्हणजे रोपांसाठीचं बी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाका. पहिलं दिवाळीच्या आगेमागे येतं, दुसरं लग्नसराईत. बी याच हंगामातलं ताजं हवं, जुन्याची उगवण फार पडते. तरू उंच वाफ्यावर, वरून पाऊस थेट पडणार नाही असं करा. रोप महिन्याभराचं झालं की ३० बाय ३० सेंटिमीटरवर लावा. फुले गणेश व्हाइट, पिंक, पर्पल, व्हायोलेट अशा जाती आहेत. याहून उशीर करू नका, कारण दिवस लहान झाल्यावर लावलेल्या ॲस्टरचा दांडा आखूड राहतो.

झेंडू एक गुंठा दसऱ्यासाठी, अर्धा दिवाळीसाठी, सात सप्टेंबरच्या लागणीचा. झेंडू जुडीत जात नाही हे खरं, पण त्याचे पैसे ऑक्टोबरात हातात येतात, जेव्हा ग्लॅडिओलसचा खर्च नुकताच झालेला असतो. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात. पुढच्या वर्षी निशिगंध वाढवायचा असेल तर तो झेंडूच्या जागी घ्या.

गोल्डन रॉड गुच्छात आणि स्टेजच्या सजावटीत भरीला जातो. एकदा मुनवे (बुडाशी फुटलेली पिल्लं) लावले की पुन्हा पुन्हा फुटतो, फारसं काही मागत नाही. अर्ध्या गुंठ्याच्या वर नको.

वाढीच्या काळात

भांगलण वेळेवर, विशेषतः पहिले चाळीस दिवस. झेंडू आणि ॲस्टरला मल्चिंग पेपर घातला तर बायकांची अर्धी मजुरी वाचते. ग्लॅडिओलसला महिन्या-सव्वा महिन्याने मातीची भर द्या, नाहीतर दांडा वजनाने कलंडतो. युरियाचा हात आखडता ठेवा. दांडा जाड दिसतो पण मऊ होतो, आणि मऊ दांडा जुडीत मोडतो. फुलकिड्यांवर निळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा. ग्लॅडिओलसच्या कळीत फुलकिडे शिरले की पाकळीच्या कडा करपल्यासारख्या होतात आणि तो दांडा विकला जात नाही. औषध मारायची वेळ आली तर डब्यावर दिलेलं प्रमाण पाळा. ॲस्टरला मर (रोप वाळवणारा रोग) लागली तर रोप मुळासकट उपटून रानाबाहेर न्या आणि त्या वाफ्यात पुढच्या वर्षी ॲस्टर घेऊ नका.

तोडणी

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण चार महिने जपलेलं फूल तोडणीच्या एका तासात हलकं होतं.

पहाटे उजाडताना तोडा. रात्रभरात दांड्यात पाणी भरलेलं असतं. दहा वाजल्यानंतर तोडलेला दांडा आधीच तहानलेला असतो, तो बादलीत ठेवला तरी पूर्ण सावरत नाही. पहाट जमत नसेल तर ऊन उतरल्यावर संध्याकाळी. चाकू धारदार हवा. खुरप्याने किंवा बोथट विळ्याने दांडा चेचतो आणि चेचलेल्या टोकातून पाणी वर चढत नाही. बादल्या आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून ठेवा. सरीतच सोबत पाण्याची बादली न्या. तोडलेला दांडा बांधावर रचून ठेवायचा आणि मग एकदम उचलायचा, ही सवय उसाची आहे, फुलांना ती मारक आहे.

ग्लॅडिओलसची तोडणी नीट बघून घ्या. दांड्यावर खालून वर कळ्या लागलेल्या असतात, सगळ्या हिरव्या आवरणात. सगळ्यात खालच्या एक-दोन कळ्यांच्या टोकाला रंगाची रेघ दिसली की तोच दिवस. त्या वेळी दांडा हिरवाच दिसतो, नव्या माणसाचा हात धजत नाही. पण उमललेला ग्लॅडिओलस वाहतुकीत पाकळ्या फाडून घेतो आणि डेकोरेशनवाल्याला कार्याच्या दिवशी उमललेलाच हवा असतो. चाकू पानांच्या बेचक्यात तिरका घाला आणि झाडावर किमान चार पानं राहू द्या. त्या पानांवर जमिनीतला नवा कंद पोसायचा आहे. तोडलेले दांडे बादलीत उभेच ठेवा. आडवे ठेवले की काही तासांत शेंडे वर वळतात, आणि वाकलेला शेंडा परत सरळ होत नाही.

निशिगंध तळच्या एक-दोन कळ्या उमलल्यावर बुडापासून कापा. फार आधी कापला तर वरच्या कळ्या तशाच मिटून राहतात. ॲस्टर मात्र बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्यावरच. त्याची खालची पानं काढून टाका, पाण्यात बुडालेलं पान दुसऱ्या दिवशी कुजतं आणि सगळी बादली नासते. गोल्डन रॉड साधारण निम्मा पिवळा झाल्यावर. झेंडू दव वाळल्यावर तोडा, कारण ओला झेंडू पोत्यात तापतो आणि काळा पडतो. तोडणीच्या पहाटेच्या नियमाला हा एक अपवाद.

माल सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, दोन-तीन तास पाणी पिऊ द्या. मग लांबीप्रमाणे वेगळा करा. लांब दांड्याच्या जुडीत दोन आखूड घुसडले तर सगळ्या जुडीला आखडाचा दर मिळतो. दहा-दहाची जुडी, टोकं सारखी कापलेली, वरून वर्तमानपत्र. पाकिटबंद सजावट काही लागत नाही.

विक्री आणि वही

दोन ठिकाणं ठेवा: एक अडत्या, जो रोजचा माल उचलेल, आणि दोन-तीन डेकोरेशनवाले, जे थेट घेतील. लग्नाची ऑर्डर घेताना रंग, जुड्यांची संख्या, पोचवायचा दिवस आणि विसार हे लिहून घ्या. एका फेरीतून अंदाजे निघेल त्याच्या साठ टक्क्यांपर्यंतच शब्द द्या. एका ढगाळ आठवड्याने फूल चार दिवस पुढे जातं आणि कार्य पुढे जात नाही.

वहीत प्रत्येक फेरीचं एक पान करा: लागणीची तारीख, पहिल्या आणि शेवटच्या तोडीची तारीख, चांगल्या आणि हलक्या दांड्यांची संख्या, पट्टीतला दर, अडत, हमाली आणि हातात पडलेले पैसे. पुस्तकातले ७५ दिवस तुमच्या रानात ७० आहेत की ८४, हे या वहीतूनच कळेल आणि दुसऱ्या हंगामाचं उलटं मोजणं त्या आकड्यावर करायचं.

कंद काढून ठेवणं

ग्लॅडिओलसची शेवटची जुडी गेली म्हणजे काम संपलं असं नाही. तोडणीनंतर सहा ते आठ आठवडे झाडं तशीच राहू द्या, पाणी हळूहळू कमी करत बंद करा. पानं पिवळी पडली की, म्हणजे साधारण जानेवारी अखेर ते फेब्रुवारी अखेर, कंद कुदळीने लांबून उकरा. जुना सुकलेला कंद तळाला चिकटलेला असतो, तो मोडून टाका. नखाएवढ्या पिल्लांना वेगळं ठेवा, ती पुढे वाफ्यात लावून वाढवता येतात. मऊ, डागाळलेले कंद बाजूला काढून जाळा. बाकीचे बुरशीनाशकात बुडवून सावलीत दोनेक आठवडे सुकवा आणि जाळीच्या पिशव्यांत भरून ४ ते ७ अंशांच्या शीतगृहात ठेवा. सांगली, तासगावकडे बेदाण्याची शीतगृहं आहेत, तिथे जागा मिळते का ते डिसेंबरातच विचारून ठेवा, कारण बेदाणा यायला लागला की छोट्या पिशव्यांना कोणी विचारत नाही. प्रत्येक पिशवीला जात, आकार आणि काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी आतून एक, बाहेरून एक अशी बांधा. बाहेरची ओलाव्याने पुसली जाते.